ए५४९ पेशींवर झिंक ऑक्साइड आणि चांदीचे नॅनोकण: एमटीटी एक सांगतं, मायक्रोस्कोप दुसरंच

कलिना_टॉक्स (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फुप्फुसाच्या अस्तरपेशींवर धातूंच्या नॅनोकणांचा परिणाम, असा प्रकल्प आहे. मूळ विचार कुर्ला-साकीनाका पट्ट्यातल्या ग्रिल फॅब्रिकेशनच्या गाळ्यांचा: गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड करताना जो पांढरा धूर उठतो त्यात झिंक ऑक्साइड असतं, म्हणून ते मुख्य. तुलनेला चांदी आणि टायटॅनियम डायऑक्साइड.

मांडणी अशी: ए५४९ पेशी (फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-केंद्रातून आणलेल्या. ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, दर वेलला १०,००० पेशी, रात्रभर चिकटू देऊन मग १ ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा सहा मात्रा, वेलमागे १०० मायक्रोलिटर, २४ तास. मीडियममध्ये १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम). झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम पावडर स्वरूपात, पाण्यात टाकून बाथ सोनिकेटरमध्ये अर्धा तास. चांदी सिट्रेटचं आवरण असलेली, २० नॅनोमीटर, तयार सस्पेन्शन.

आता घोळ. चांदीच्या ५० आणि १०० मात्रेला एमटीटीवर (जिवंत पेशी रंग जांभळा करतात ती चाचणी) ११०-११५ टक्के जिवंतपणा दिसतो, पण मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन सुटलेल्या असतात. एलडीएचही (फुटलेल्या पेशीतून बाहेर येणारं एन्झाइम) वाढत नाही. झिंक ऑक्साइडला डीएमईएम या मीडियममध्ये १० ते २५ च्या दरम्यान सगळं कोसळतं. त्याच बाटलीतली पावडर आरपीएमआय या दुसऱ्या मीडियममध्ये ५० पर्यंत जवळजवळ काहीच करत नाही. आणि टायटॅनियमचा डीएलएसवरचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणारं यंत्र) आकार एका दिवशी ३०० नॅनोमीटर, दुसऱ्या दिवशी १२००.

गाइडचं म्हणणं, आणखी वेळा करून सरासरी काढा. पण सरासरी कशाची काढायची हेच कळत नाहीये. कोणता आकडा धरायचा आणि कोणते कंट्रोल लावायचे?

---

निळी_प्लेट

सरासरी अजिबात काढू नका. आकडे डळमळीत नाहीत, चुकीच्याच दिशेला ठाम आहेत. पुन्हा पुन्हा करून तेच येईल.

चांदीपासून सुरुवात. फॉरमॅझान (एमटीटीपासून होणारा जांभळा रंग) तुम्ही ५७० नॅनोमीटरला वाचता. सुट्या २० नॅनोमीटर चांदीचं शोषण ४०० च्या आसपास असतं, पण मीडियममधल्या क्षारांनी कण एकत्र आले की तो पट्टा रुंदावून ५००-७०० पर्यंत पसरतो. म्हणजे ५७० ला जी वाढ दिसते त्यात पेशींचा वाटा किती आणि पेशींवर चिकटून राहिलेल्या धातूचा किती, हे प्लेट रीडरला कळायचा मार्ग नाही. शिवाय काही धातूकण एमटीटीला स्वतःच क्षपित करतात, पेशी नसतानाही जांभळा रंग येतो. उलटही घडतं: कण फॉरमॅझानला धरून ठेवतात आणि रंग कमी दिसतो. टायटॅनियमला तर नुसतं प्रकाश विखुरणंच पुरतं.

म्हणून प्लेटवर हे वेल हवेतच: पेशी नाहीत, फक्त मीडियम, कण आणि एमटीटी, सगळ्या मात्रांना. दुसरा संच पेशी आणि कण, पण एमटीटी नाही. हा विखुरण्याचा आकडा. तिसरा जरा वेगळा: कण न दिलेल्या निरोगी पेशींत फॉरमॅझान तयार करून डीएमएसओमध्ये विरघळवा, त्यात कण टाका आणि आकडा किती घसरतो ते पाहा. पहिल्या दोन संचांचा आकडा वजा करता येतो. तिसऱ्यात घसरण दिसली तर वजाबाकीने भागत नाही, त्या कणासाठी एमटीटी सोडून द्यायची.

वाचनाची पद्धतही बदला. २४ तासांनी मीडियम काढा, कोमट पीबीएसने एकदाच हलक्या हाताने धुवा (जोरात धुतलंत तर मरणाऱ्या पेशी वाहून जातील आणि विषारीपणा फुगेल), फिनॉल रेड नसलेल्या मीडियममध्ये ०.५ मिग्रॅ/मिली एमटीटी द्या, २ ते ३ तास. मग १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, १० मिनिटं शेकरवर, प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि वरचा ८० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घेऊन ५७० वजा ६९० वाचा. नव्या प्लेटमध्ये उचलण्याची पायरी लोक कंटाळून गाळतात. चांदीच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच असतो.

एलडीएच न वाढण्याचं कारण वेगळं आहे. चांदीचे आयन एन्झाइमच्या थायोल गटांना धरतात आणि एलडीएच निकामी होतं. पेशी फुटली, एन्झाइम बाहेर आलं, पण मोजायच्या आत मेलं. तांब्यालाही हाच त्रास. तपासायला पूर्ण फोडलेल्या पेशींचा लायसेट घ्या, प्रत्येक मात्रेच्या कणांसोबत ३७ अंशांवर २४ तास ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि एलडीएच मोजा. शेजारी कणांविना तोच लायसेट तितकाच वेळ ठेवायचा, कारण ३७ अंशांवर एलडीएच आपसूकही उतरतं. कणांसोबतचा आकडा बराच खाली आला तर तुमचा "एलडीएच वाढत नाही" हा निष्कर्ष कागदावर लिहायच्या लायकीचा नाही.

दुसरी चाचणी रंगावर न बेतलेली घ्या. ए५४९ साठी सर्वात भरवशाची कॉलनी फॉर्मेशन: कण देऊन झाल्यावर ६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला २०० पेशी, ७ ते १० दिवस, क्रिस्टल व्हायोलेट, ५० पेशींहून मोठ्या वसाहती मोजायच्या. वेळ खाते, पण कण तिला फसवू शकत नाहीत. घाई असेल तर प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशींना रंगवणारा) आणि फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी मोजणारं यंत्र). तिथे कण गिळलेल्या पेशींचा साइड स्कॅटर वाढतो, तेव्हा गेट (कोणत्या पेशी मोजायच्या ती चौकट) कंट्रोलवरून आंधळेपणाने उचलू नका.

हेच डीसीएफ हा चमकणारा रंग वापरून रॉस (पेशीतले क्रियाशील ऑक्सिजन रेणू) मोजताना होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. धातूकण तो रंग पेशींविना उजळवतात किंवा विझवतात. त्यापेक्षा ग्लुटाथायोनचं प्रमाण आणि एचमॉक्स-१ या ताणाच्या जीनची क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी). आणि आयएल-८ (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) ची एलायझा (प्रथिन मोजणारी चाचणी) लावणार असाल तर आधी रिकॉम्बिनंट आयएल-८ कणांसोबत ठेवून किती परत मिळतं ते बघा. प्रथिन कणाला चिकटलं की एलायझा बिनदिक्कत शून्य दाखवते.

---

ठाणे_एरोसोल

वरच्या उत्तराशी सहमत, पण टायटॅनियमचं ३०० की १२०० हे चाचणीच्या आधीचं दुखणं आहे. पेशीपर्यंत काय पोहोचलं हेच ठरलेलं नाही.

बाथ सोनिकेटरमध्ये बाटली कुठे ठेवली, पाण्याची पातळी किती, पाणी किती तापलं यावर ऊर्जा बदलते. पावडरसाठी प्रोब (द्रवात थेट बुडवायचा सोनिकेटर) घ्या. नॅनोजीनोटॉक्सची पद्धत युरोपातल्या बऱ्याच प्रयोगशाळा वापरतात आणि ती सरळ आहे: १५.३६ मिग्रॅ पावडर, ३० मायक्रोलिटर इथेनॉलने आधी ओली करायची, मग ०.०५ टक्के बीएसएचं पाणी घालून एकूण ६ मिली, म्हणजे २.५६ मिग्रॅ/मिली. ४०० वॅटचा प्रोब, १० टक्के अँप्लिट्यूड, १६ मिनिटं, बाटली बर्फात. तुमचा प्रोब वेगळ्या ताकदीचा असेल तर बीकरभर पाणी किती वेळात किती अंश तापतं ते मोजून प्रत्यक्ष ऊर्जा काढा आणि वेळ त्याप्रमाणे बसवा. झिजलेली टिप टायटॅनियम सोडते. तुमचा एक कणच टायटॅनियमचा असल्याने तिकडे दुर्लक्ष परवडणार नाही. टिपला खड्डे दिसले की बदला. आणि सीरमवाल्या मीडियममध्ये प्रोब कधीच बुडवू नका, नुसता फेस होतो आणि प्रथिनं विटतात.

सिट्रेटवाल्या चांदीला प्रोब लावायचाच नाही. तिचा शत्रू मीठ. मीडियममध्ये आधी सीरम किंवा बीएसए असू द्या, ते व्होर्टेक्सवर फिरत असताना चांदी थेंबाथेंबाने सोडा. रंग पिवळा राहिला तर ठीक. पिवळ्याचा करडा झाला की ती बॅच फेकून द्या, डीएलएसला नेण्याचीही गरज नाही.

डीएलएस तीव्रतेवर चालतं आणि विखुरण आकाराच्या सहाव्या घाताने वाढतं. चार मोठे गोळे हजारो लहान कणांना झाकून टाकतात. त्यामुळे आकड्यासोबत पीडीआय (आकार किती विखुरलेले आहेत तो आकडा) लिहा, ०.४ च्या वर गेला तर सरासरी आकार सांगण्यात अर्थ नाही, आणि टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) करून घ्या. पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण-केंद्रात बाहेरच्यांचे नमुने घेतात. मोजमाप पाण्यात नव्हे, तुमच्या मीडियममध्ये, ० आणि २४ तासांना.

आता मात्रा. १०० मायक्रोग्रॅम/मिली हा आकडा पेशीच्या दृष्टीने अर्धवट आहे. ९६ वेलच्या प्लेटमध्ये तळ ०.३२ चौ. सेंमी. १०० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम, म्हणजे सगळे कण खाली बसले तर ३१ मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी. तीच मात्रा ६ वेलच्या प्लेटमध्ये २ मिली घेतलीत तर २१. एमटीटी छोट्या प्लेटमध्ये आणि क्यूपीसीआर मोठ्या प्लेटमध्ये करून दोन्ही एकाच मात्रेचे म्हणून शेजारी मांडले जातात, ते यामुळे जुळत नाहीत.

आणि "सगळे बसले तर" हाही मोठा जर-तर. टायटॅनियमचे गोळे बऱ्यापैकी लवकर बसतात. २० नॅनोमीटरची सुटी चांदी ३ मिलिमीटर उंचीच्या मीडियममध्ये मुख्यतः विसरणाने भटकते आणि २४ तासांनंतरही बरीचशी वरच असते. आयएसडीडी किंवा डिस्टॉर्टेड ग्रिड या गणिती मॉडेलने पेशींपर्यंत पोहोचलेली मात्रा काढता येते, पण त्यात घनता म्हणून टायटॅनियमची ४.२ टाकू नका. गोळ्यात पाणी आणि प्रथिन अडकलेलं असतं, त्याची परिणामी घनता खूप कमी असते. पॅक्ड सेल व्हॉल्यूमच्या नळीत सेंट्रिफ्यूज करून ती मोजता येते.

हे आकडे खऱ्या फुप्फुसाशी ताडून बघा, बरीच धुंदी उतरते. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये चांदीच्या नॅनोकणांसाठी ८ तासांची मर्यादा ०.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर सुचवली. पाळीभरात १० घनमीटर हवा, म्हणजे ९ मायक्रोग्रॅम आत. त्यातलं ३० टक्के वायुकोशांत बसलं आणि क्षेत्रफळ १०० चौ. मीटर धरलं, तर एका पाळीत चौ. सेंमीला जेमतेम ३ पिकोग्रॅम. वर्षाला २५० दिवस, ४० वर्षं, काहीच साफ झालं नाही असं समजूनही ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आत. तुमची वरची मात्रा त्याच्या हजारपट आहे आणि ती एका दिवसात दिलेली आहे.

पण हाच हिशेब टायटॅनियमचा करा: अतिसूक्ष्म टायटॅनियमसाठी नायॉशची २०११ ची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. ४० वर्षांत ९ मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी येतात, म्हणजे २५-३० मायक्रोग्रॅम/मिलीची मात्रा अगदीच हवेतली नाही. दोन्ही धातूंना एकच १ ते १०० ची शिडी लावणं सोयीचं आहे, शहाणपणाचं नाही.

---

कलिना_टॉक्स

मनापासून आभार. डीएमईएम-आरपीएमआयचं कोडं मात्र राहिलंच. आणि झिंकचा आयनिक कंट्रोल किती द्यायचा? गाइड म्हणतात झिंक क्लोराइड तेवढ्याच मायक्रोग्रॅमला. शिवाय ए५४९ ठीक आहे का, की बीस-टू-बी (ब्रॉन्कसच्या, म्हणजे श्वासनलिकेच्या अस्तरपेशी) घ्यावी?

---

जस्त_आणि_तांबं

कोडं फॉस्फेटचं आहे. आरपीएमआयमध्ये फॉस्फेट सुमारे ५.६ मिलिमोलर, डीएमईएममध्ये ०.९. झिंक ऑक्साइडमधून सुटलेलं झिंक आरपीएमआयमध्ये फॉस्फेटसोबत खाली बसतं आणि पेशींना मिळणारं मोकळं झिंक घटतं. पावडर तीच, विष वेगळं. एकच मीडियम ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. सीरमची टक्केवारीही नको, कारण अल्ब्युमिन झिंक बांधतं. पीबीएसमध्ये झिंकचा स्टॉक करणं तर सोडूनच द्या, बाटलीत पांढरा साका दिसेल.

आयनिक कंट्रोल तेवढ्याच मायक्रोग्रॅमला देऊ नका, तेवढ्याच झिंकला द्या. झिंक ऑक्साइडच्या वजनात झिंक ८० टक्के. १० मायक्रोग्रॅम/मिली म्हणजे ८ मायक्रोग्रॅम झिंक, साधारण १२३ मायक्रोमोलर. त्यासाठी झिंक क्लोराइड १६.८ मायक्रोग्रॅम/मिली किंवा सातपाणी झिंक सल्फेट ३५.३ मायक्रोग्रॅम/मिली लागेल. क्लोराइड मुंबईच्या हवेत बाटली उघडताच पाणी ओढतं, वजन खोटं येतं. सल्फेट घ्या.

याने प्रश्न निम्माच सुटतो. दुसरा कंट्रोल म्हणजे कण २४ तास ३७ अंशांवर पेशींविना मीडियममध्ये ठेवायचे, ३ किंवा १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळायचे, आणि गाळलेलं पाणी एकीकडे आयसीपी-एमएसला (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र), दुसरीकडे पेशींना. नुसतं सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलंत तर २० नॅनोमीटरचे कण त्यातच राहण्याची शक्यता असते. फिल्टरचा कागदही थोडे आयन धरतो, म्हणून माहीत असलेल्या झिंकचं द्रावण त्यातून गाळून किती परत येतं ते नोंदवा. फिल्टर प्रथिनंही अडवतो, त्यामुळे प्रथिनाला बांधलेलं झिंक गाळलेल्या पाण्यात येत नाही हे आकडा वाचताना ध्यानात असू द्या. झिंक हातमोज्यांच्या पावडरीतून, सीरममधून, काचेतूनही येतं. ब्लँक नसलेला झिंकचा आकडा मी तरी वाचत नाही.

समजा गाळलेलं पाणी निरुपद्रवी निघालं आणि कण मात्र मारतात. तेव्हा लायसोसोमकडे (पेशीतली आम्लाची पिशवी) बघायचं. तिथे पीएच ४.५ ते ५, आणि झिंक ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड तिथे झरझर विरघळतात. कण पेशीच्या आत शिरतो आणि आयन आत सुटतो. यालाच ट्रोजन हॉर्स म्हणतात. बॅफिलोमायसिन ए१ देऊन लायसोसोमचं आम्ल थोपवलं आणि विषारीपणा घटला तर ही वाट आहे असं म्हणता येतं. १०० नॅनोमोलर पुरतं, पण बॅफिलोमायसिन एकट्याने २४ तासांत पेशींना काय करतं तो कंट्रोल हवा. जोडीला मेटॅलोथायोनिन (धातू बांधणारं प्रथिन) एमटी२ए ची क्यूपीसीआर, ६ तासांना. झिंक, तांबं, चांदी पेशीत आयन म्हणून पोहोचलं की हा जीन उसळतो. टायटॅनियमला सहसा शांत राहतो. स्वस्तात इतकं बोलकं दुसरं काही नाही.

चांदीचा आयनिक कंट्रोल सिल्व्हर नायट्रेट, पण मीडियममध्ये क्लोराइड असल्याने सिल्व्हर क्लोराइड होतं आणि उरलेलं सीरमच्या थायोलांना जातं. म्हणून नायट्रेटची टाकलेली मात्रा आणि पेशीला मिळालेली मात्रा एक धरू नका. सिट्रेटचा वेगळा व्हेइकल कंट्रोलही (कणांविना नुसतं द्रावण) ठेवा, जास्तीत जास्त मात्रेला जितका पडतो तितका.

पेशींबद्दल: ए५४९ मध्ये कीप-१ जीनमध्ये बदल आहे, त्यामुळे एनआरएफ-२ (पेशीचं संरक्षण चालू करणारं प्रथिन) कायम चालू असतो. ही पेशी ऑक्सिडेटिव्ह ताणाला जन्मतःच चिलखत घालून बसलेली. त्यावर "रॉस फारसं वाढत नाही" हा निष्कर्ष कणांबद्दल कमी आणि पेशीबद्दल जास्त सांगतो. शिवाय ती घट्ट सांधे धड करत नाही, टीईईआर (पेशीथराचा विद्युत-रोध) मोजायला बसू नका. बीस-टू-बी निरोगी ब्रॉन्कसमधून आली पण विषाणूने अमर केलेली, एसव्ही४० च्या टी-अँटिजेनमुळे पी५३ (डीएनए-इजेवर लक्ष ठेवणारं प्रथिन) बांधलेलं, तेव्हा डीएनए-इजेनंतरचा प्रतिसाद तिच्यावरून वाचणं धोक्याचं. तिला बीईजीएम हे खास मीडियम हवं. १० टक्के सीरम दिलंत तर ती स्क्वॅमस (चपटी) होऊ लागते. अडथळा आणि हवेच्या पृष्ठभागावरची वाढ हवी असेल तर कालू-३ पेशी, ट्रान्सवेलवर (सच्छिद्र तळाचा कप). टीईईआर स्थिरावायला दोन-तीन आठवडे धरा. मी असतो तर ए५४९ आणि बीस-टू-बी दोन्हीवर झिंक चालवून फरकच निकाल म्हणून मांडला असता.

---

पावसाळी_बेंच

दोन गोष्टी, थोडक्यात.

झिंक ऑक्साइडची पावडर जून ते सप्टेंबर इथल्या हवेत उघडी ठेवली की ती ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून पृष्ठभागावर हायड्रॉक्सी-कार्बोनेट बनवते. बाटली तीच, पण ऑगस्टमधली विद्राव्यता मार्चमधल्यासारखी नसते. आल्याबरोबर २०-२० मिलिग्रॅमच्या छोट्या कुप्या करा, नायट्रोजन फुंका, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाला नवी कुपी. शंका आली तर एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) घ्या, १४०० ते १५०० च्या पट्ट्यात कार्बोनेट डोकं वर काढतं. पावडर तोलताना पंखा आणि एसीचा झोत बंद, एन-९५ लावा, आणि कुपीतच इथेनॉलने ओली करा म्हणजे पुढे उडत नाही.

दुसरं एंडोटॉक्सिन. पाण्यात केलेल्या स्टॉकमध्ये जिवाणूंचे अवशेष असले की आयएल-८ वाढतो आणि श्रेय कणांना मिळतं. एंडोटॉक्सिनची रंगावर चालणारी चाचणी, क्रोमोजेनिक एलएएल, ४०५ नॅनोमीटरला वाचतात, म्हणजे नेमकं चांदीच्या शोषणावर बोट. चांदीसाठी जेल-क्लॉट (रंगाऐवजी गोठण्यावर चालणारी) घ्या. स्पाइक टाकून ५० ते २०० टक्क्यांत परत मिळालं तरच निकाल धरायचा.

---

ठाणे_एरोसोल

वेल्डिंगबद्दल राहिलं होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या धुरात झिंक ऑक्साइडसोबत लोह आणि मँगनीज असतं, आणि कण माळेसारखे जोडलेले, ताजे. विकतची गोलसर पावडर त्याची बदली म्हणून चालत नाही. शीर्षकात "वेल्डिंग धूर" लिहायचं असेल तर गाळ्यातला नमुना हवा. कामगाराच्या श्वासाजवळ ३७ मिलिमीटरची कॅसेट, मिनिटाला २ लिटरचा पंप, पूर्ण पाळी, वेल्डिंगच्या मास्कच्या आतल्या बाजूला. फिल्टर आधी आणि नंतर एकाच आर्द्रतेत ठेवून तोला, नाहीतर पावसाळ्यात पाण्याचंच वजन धराल. रिकामा फिल्टरही सगळ्या पायऱ्यांतून न्या, कारण कण काढताना सोनिकेशनने फिल्टरचे धागेही सुटतात आणि ते पेशींवर जातात.

वेळेचंही बघा. झिंकच्या धुराने येणारा मेटल फ्यूम फीवर ४ ते १० तासांनी चढतो आणि दीड-दोन दिवसांत उतरतो. फक्त २४ तासांचा एकच बिंदू ठेवलात तर आयएल-८ आणि एमटी२ए ची चढती बाजू हातून निसटेल. ४, ८ आणि २४ घ्या, आणि मात्रा २४ तासांच्या जिवंतपणात ८० टक्क्यांच्या वर राहतील अशाच निवडा. मरणाऱ्या पेशींचा जीन-प्रतिसाद मोजून काही हाती लागत नाही.